कर्णा इअरबड तपासतो

इअरबड तपासायला माणूस नेमायचा तर त्याला निदान ऐकू यायला हवं, अशी माझी आपली अडाणी समजूत होती. ती कर्ण्याने दूर केली.

कर्णा आणि मी एकाच फोर्ज शॉपमध्ये हयात काढली. फोर्ज शॉप म्हणजे लोखंड लालबुंद तापवून घणाखाली घडवायचं खातं. घण वाफेवर चालायचा. घाव बसला की पायाखालची फरशी उडायची. मी भट्टीवर होतो, घणापासून जरा लांब. कर्णा थेट घणाच्या तोंडाशी, चिमट्यात तापलेला तुकडा धरून. कानात घालायला कंपनी रबरी बोळे द्यायची. ते घालणाऱ्याला आमच्यात नवरदेव म्हणत. कर्ण्याने आपले बोळे सायकलच्या खडखडणाऱ्या मडगार्डखाली कोंबले होते. सायकल शेवटपर्यंत ठणठणीत राहिली.

त्या आवाजात तोंडाने बोलणं शक्यच नव्हतं. ओठ वाचायचे आणि हाताने खुणा करायच्या. तळहात खाली म्हणजे हलका घाव, मूठ म्हणजे थांब, टोपी सारखी केली म्हणजे साहेब येतोय. पाळीभर आम्ही असे गप्पा मारायचो, चहाड्या करायचो, भांडायचोसुद्धा, आणि घशातून एक अक्षर निघायचं नाही. त्यामुळे कर्ण्याचे कान नेमके कधी गेले ते कुणाला कळलं नाही. खुद्द कर्ण्यालाही नाही. जग हळूहळू शिस्तीला लागतंय, असं त्याला वाटत राहिलं. पाळी सुटल्यावर रस्त्यातही तो घणाशेजारी उभा असल्यासारखा बोलायचा, म्हणून त्याचं नाव कर्णा पडलं. घरच्यांनी ठेवलेलं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकायला मिळायचं.

आता आम्ही दोघेही घरी बसलेलो. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, मधे एक भिंत. माझी बायको आहे. त्याची गेली. तो एकटा राहतो. एक खोली, त्यात एक पलंग, ओट्यावर एक शेगडी, खिडकीत आरसा. पहाटे उठतो आणि मागच्या मैदानावर पळतो. गोल गोल पळून जिथून निघाला तिथेच परत येतो. याला खेळ म्हणतात. कारखान्यात एवढ्या फेऱ्या मारल्या असत्या तर निदान थोडा माल इकडचा तिकडे झाला असता. पण पळतो मात्र नेटाने, अंगचोरपणा न करता, हे मला मान्य करावं लागतं.

त्याला एकच लेक. कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत ती, नवरा, सासू आणि शाळेत जाणारी दोन पोरं. सुट्टीच्या दिवशी बापाला बघायला येते. मध्यंतरी अशीच आली तर दार आतून बंद, आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारतोय आणि करपल्याचा वास जिन्यापर्यंत. तिने दार बडवलं. मी बडवलं. खालची मंडळी वर आली, त्यांनी आपापल्या परीने बडवलं. शेवटी पहार घालून कडी उचकटली. आत कर्णा आमच्याकडे पाठ करून, नाकापर्यंत साबण फासून, उघड्या खिडकीशी शांतपणे दाढी करत होता. आरशात आम्ही सगळे दिसलो तेव्हा म्हणाला, "या, या. आज सगळे एकदम?"

लेकीने करपलेला कुकर नळाखाली धरला आणि बापाला समोर उभं करून, ओठ नीट दिसतील अशा बेताने सांगितलं की पुन्हा असं काही झालं तर गाशा गुंडाळून तिच्याकडे यायचं. इथे एकट्याने राहायचं नाही. वाद नको.

कर्ण्याने वाद घातला नाही. पण ती गेल्यावर माझ्याकडे येऊन बसला. लेकीकडे त्याला विहिणीच्या पलंगाशेजारी सतरंजी मिळणार होती, आणि पहाटे उठून कडी वाजवायची नाही अशी ताकीद. मैदान नाही, शेगडी नाही, आपल्या मर्जीने दिवा लावणं नाही. "मला पाहुणा होऊन मरायचं नाही," तो मला म्हणाला. गुपित म्हणून म्हणाला. तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं.

एवढं सगळं होऊनही कान गेलेत हे त्याला मान्य नव्हतं. कुकर नवीन होता, त्याची शिट्टी बारीक होती, दार जाड होतं. ऐकू न येण्याची सगळी कारणं त्याच्याकडे होती. एक सोडून.

अशा वेळी खालच्या मजल्यावरची बाई मधे आली. ही तिशीतली. वस्तू वापरून बघते आणि कुठली घ्यावी, कुठली घेऊ नये, ते इंटरनेटवर लिहिते. त्यावर तिचं पोट चालतं. आम्ही घडवलेला दांडा तपासायला साहेब यायचा तेव्हा दांडा पास व्हायचा नाहीतर भंगारात जायचा. ही बाई दहापैकी गुण देते. एकदा तिने कशाला तरी साडेसात दिले होते. वरचा अर्धा कशाबद्दल, मी विचारलं. डबीचं झाकण छान उघडतं, म्हणाली.

तर या बाईला बिनवायरच्या इअरबडवर लिहायचं होतं. खेळताना कसे, रोजच्या वापराला कसे. सायकल चालवणारा एक पोरगा तिच्याकडे होता, जिमला जाणारी मैत्रीण होती, दिवसभर फोनवर बोलायला ती स्वतः होती. वय झालेला पळणारा तेवढा मिळत नव्हता. तिने कर्ण्याला जिन्यात गाठलं. समोरासमोर गाठलं, म्हणजे त्याला तिचा शब्द न् शब्द कळला. एवढा लक्ष देऊन ऐकणारा माणूस आपण आयुष्यात पाहिला नाही, असं ती नंतर मला म्हणाली. बिचारी. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, मनाकडे नाही.

कर्णा हो म्हणाला आणि तडक माझ्याकडे आला.

"कानाच्या कामावर ठेवलेला माणूस बहिरा कसा असेल?" तो म्हणाला. "आता पोरगी काही बोलू दे. सांगतो, खालच्या बाईला विचार."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. मी बोललो नाही. बोललो असतो तरी त्याने तेवढ्यापुरती मान फिरवली असती.

पहिला जोड काळा होता. बाईने बघायच्या गोष्टी सांगितल्या. पळताना पडतो का, घामाने निसटतो का, वाऱ्याची घरघर येते का, गाणं कसं वाजतं, फोनवर बोलणं कसं होतं. कर्ण्याने दोन्ही कानांत ती बोंडं बसवली, वरून कानटोपी चढवली, हनुवटीखाली बंद आवळला आणि मैदानावर गेला. परत येऊन म्हणाला, "हलत नाही. दहापैकी दहा."

मी म्हटलं, "टोपीने धरून ठेवलाय. गुण टोपीला दे."

"टोपी तपासायला दिलेली नाही," कर्णा म्हणाला.

आवाज त्याने शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता. कानातलं गाणं मैदानाच्या पलीकडच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळत होतं. तो मान डोलवत होता. फुकटची करमणूक. कर्ण्याला त्यातलं काय पोचलं? तर हादरे. घणाचा घाव नीट बसला की नाही हे आम्ही दाढांवरून ओळखायचो. तीच कसोटी त्याने इथे लावली. "जबड्यात चांगला बसतो," असा त्याने बाईला अहवाल दिला. बाईने लिहून घेतलं की बास, म्हणजे गाण्यातला खर्ज, भरीव आहे.

फोनची परीक्षा मात्र अवघड होती. तिथे ओठ दिसत नाहीत. बाईने आपल्या खोलीतून फोन लावला. कर्ण्याने तो उचलला आणि तिला तोंड उघडू दिलं नाही. गुडघा, मैदानावरचे खड्डे, पाण्याची टाकी कोण धूत नाही, जावयाची नोकरी, सगळं एका दमात सांगितलं. ती थकून फोन ठेवेपर्यंत सांगितलं. मग ती वर आली आणि कौतुकाने म्हणाली की समोरच्याला आवाज अगदी स्वच्छ जातो. जाणारच. फोन नसता तरी गेला असता.

काळ्या जोडाचं असं सगळं निभावलं. कर्ण्याची छाती फुगली. त्याने लेकीला निरोप धाडला की ये, आणि खालच्या बाईलाही त्याच संध्याकाळी वर बोलावलं. लेकीच्या देखत, तपासणाऱ्या बाईच्या तोंडून, आपल्या कानांना दाखला मिळावा हा बेत. मलाही साक्षीला बसवलं. चहा त्याने स्वतः केला.

तोवर दुसरा जोड वापरून झाला होता. हा पांढरा. कर्ण्याने तो टेबलाच्या मधोमध ठेवला आणि उभं राहून बोलायला सुरुवात केली. पांढऱ्यासारखी वस्तू त्याने आजवर बघितली नव्हती. मोठा रस्ता ओलांडला, ट्रक गेले, हॉर्न वाजले असतील, पण एक चूं नाही. मैदानावर पोरं आरडाओरडा करत होती, चूं नाही. वाऱ्याची घरघर नाही. बाहेरचा आवाज अडवण्यात याचा हात कुणी धरणार नाही. शिवाय इतके दिवस वापरला तरी एकदा चार्ज करावा लागला नाही. गाणं जरा मंद वाटलं, पण खेळताना गाणं कशाला हवं? माणसाने खेळात लक्ष द्यावं. दहापैकी दहा.

बाईने चहाचा कप खाली ठेवला. मग तिने मान वर केली आणि सावकाश म्हणाली, "आजोबा, तो रिकामा होता."

इअरबडवाल्या कंपनीने आत यंत्र नसलेलं नुसतं टरफल धाडलं होतं. माप बरोबर आहे का, कान दुखतो का, तेवढंच बघायला. डबी देताना तिने हे सांगितलं होतं. पण सांगताना तिचं डोकं कपाटात होतं, काळा जोड आत ठेवत होती. कर्ण्याला तिची पाठ दिसली. पाठ काही सांगत नाही.

या वेळी ओठ समोर होते. कर्ण्याला कळलं. तो खाली बसला, टरफल हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाला, "म्हणूनच चार्जिंग टिकलं."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मला ते फार जड गेलं.

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कप उचलले, विसळले, पालथे घातले. पदराला हात पुसले. "रविवारी टेम्पो घेऊन येते," बापासमोर उभं राहून म्हणाली. आणि गेली.

दुसऱ्या दिवशी खालची बाई पुन्हा वर आली. काम अर्धवट टाकायचं नसतं, म्हणाली, तिसरा जोड राहिलाय. ही बाई भोळी आहे की पोचलेली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिसरा जोड तिने स्वतःच्या हाताने कर्ण्याच्या कानात बसवला, त्याच्या फोनमध्ये काहीतरी वरखाली केलं आणि सांगितलं की हा रस्त्यावर पळणाऱ्यांसाठी आहे. मागून गाडी आली तर कळावी म्हणून हा बाहेरचा आवाज अडवत नाही, उलट आत घेतो, वाढवून घेतो. गाणं लावायची गरज नाही. नुसता घालून फिरा.

घाव घालायचा तर लोखंड गरम आहे का बघावं लागतं. कर्णा पुरता थंड पडला होता. पण हातातलं काम सोडायची सवय नव्हती. घातला.

तासाभरात तो माझ्या दारात उभा. कपाळावर आठ्या.

"हे काय दिलंय?" तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. मग पुन्हा म्हणाला, या वेळी हळू. त्याला हळू बोलता येतं हे मला नव्याने कळलं. त्याची तक्रार मोठी होती. नळ ठिबकतो. खिडकी कुरकुरते. चालताना स्वतःची चप्पल फटफट वाजते. वरच्या मजल्यावर कुणीतरी दिवसभर काहीतरी सरकवत असतं. शेगडी पेटवली की सुं सुं करते. माणसाने जगायचं कसं? पळताना तर स्वतःचा श्वास कानात भात्यासारखा चालतो, धडकीच भरते. असला माल कोण विकत घेणार? दहापैकी दोन.

मला खोकला आला. तो बघतच राहिला.

"तू एवढा खोकतोस? कधीपासून?"

"भट्टी सोडल्यापासून," मी म्हटलं.

"मग बोलला नाहीस."

तो थोडा वेळ बसला. मी दोनदा खोकलो, दोन्ही वेळा त्याने मान हलवली. मग उठून गेला. जाताना दार त्याने हलक्या हाताने लावलं.

आठवडाभर जोड त्याच्या कानात होता. रोज सकाळी बाईला त्याच्या खोडी सांगायचा. पण काढून ठेव म्हटलं तर, काम आहे, म्हणायचा.

रविवारी लेक आली. जावई खाली टेम्पोवाल्याजवळ थांबला. कर्णा मैदानावरून नुकताच परतला होता, डोक्यावर कानटोपी तशीच. सामान बांधलेलं नव्हतं. बांधायला घेतलेलंही नव्हतं. तो शेगडीपाशी आमच्याकडे पाठ करून दूध तापवत होता. मी पलंगावर. लेक माझ्याशेजारी येऊन टेकली.

कर्ण्याची पाठ वळली की ते दार बंद झाल्यासारखंच होतं. त्याच्या पाठीमागे आम्ही काहीही बोलायचो, वर्षानुवर्षं. कुजबुजायचीसुद्धा गरज नसायची. तरी लेक आवाज खाली आणूनच बोलली.

"काका, खरं सांगू? मला नाही न्यायचं त्यांना. घरात पाय ठेवायला जागा नाही. सासूबाई आत्तापासून तोंड फुगवून बसल्यात. बाबांना तिथे एक दिवस करमणार नाही, मला माहितेय ना. पण इथे काही झालं तर? दुपारी यंत्रावर बसलेली असते आणि मला त्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. बोटात सुई घातली परवा."

तिने बोट दाखवलं. चिंधी गुंडाळलेली होती.

शेगडी बंद झाली. दूध वर आलं नव्हतं.

"मग नको नेऊस," कर्णा म्हणाला.

भिंतीकडे बघत म्हणाला. हळू म्हणाला. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी टोपीकडे बघितलं.

ती जागची हलली नाही. तिथूनच, अगदी तोंडातल्या तोंडात म्हणाली, "बाबा, ऐकू आलं तुम्हाला?"

"आलं. सासूबाईंचंही आलं." मग तो वळला. "बोट दाखव."

ती उठली, त्याच्याजवळ गेली, बोट दाखवायचं सोडून त्याच्या हनुवटीखालचा बंद सोडला आणि टोपी उतरवली. कानातलं बघितलं. ती हसली की रडली ते मला माझ्या जागेवरून दिसत नव्हतं, आणि मी जागा बदलली नाही.

पुढचं बोलणं वाटाघाटीचं झालं. लेक बापाचीच आहे. आधी तिने त्याला सांगितलं की हे खेळणं आहे, याच्या भरवशावर ती त्याला सोडणार नाही. कानाच्या डॉक्टरकडे जायचं, तो देईल ते यंत्र घ्यायचं आणि उठल्यापासून झोपेपर्यंत घालायचं. दाराची एक किल्ली तिच्याकडे, एक माझ्याकडे, आतली कडी काढून टाकायची. एवढं मान्य असेल तर ही खोली राहील. यातलं एक जरी चुकलं तर टेम्पो.

कर्ण्याला किल्ल्या मान्य होत्या. कडी तशीही उचकटलेलीच होती. यंत्रावर तो अडला. यंत्र लावणं म्हणजे बहिरा असल्याची पाटी लावणं. पळताना तरी लावणार नाही, म्हणाला. लेक म्हणाली, पळताना तर लावायचंच. तो म्हणाला, लोक बघतात. ती म्हणाली, लोक इतकी वर्षं ऐकतायत तुम्हाला, आता थोडं बघू दे.

यावर त्याने माझ्याकडे बघितलं. मदतीसाठी असावं. मी तळहात खाली केला.

"बरं," तो म्हणाला. मग मान तिरकी करून थांबला. "खाली कोण हॉर्न वाजवतंय? जावई असेल. जा, सांग त्याला."

आम्ही दोघांनी कान दिला. खरंच वाजत होता.

टेम्पो आला तसा गेला. दोन मजले सामान उतरवायचं म्हणून मी सकाळी पोटभर खाऊन, कंबरेला पट्टा बांधून बसलो होतो. तो पट्टा सोडून ठेवला. कानाच्या डॉक्टरने कर्ण्याला काचेच्या पेटीत बसवून तपासलं आणि विचारलं की इतके दिवस काय करत होतात. इअरबड तपासत होतो, कर्णा म्हणाला. आता त्याच्या दोन्ही कानांमागे करड्या रंगाची यंत्रं आहेत, पळतानाही असतात. खालच्या बाईचा लेख आला. तिसरा जोड रस्त्यावर पळणाऱ्यांसाठी उत्तम, असं तिने लिहिलंय, आणि खाली बारीक अक्षरात, की एका ज्येष्ठ धावपटूचं मत मात्र प्रतिकूल पडलं.

कर्णा भिंतीपलीकडे आहे. सकाळी माझी बायको माझ्यावर करवादली की तो पलीकडून भिंत वाजवतो आणि तिची बाजू घेतो. इतकी वर्षं या घरात आमची भांडणं आमची होती. परवा तर तिने मला गप्प केलं आणि भिंतीकडे तोंड करून विचारलं, "भाऊजी, तुम्हीच सांगा, डाळीला मीठ आणायला कोण विसरलं?"

"तोच," भिंत म्हणाली.